गॅलिक चॅनलचा माणशी खर्च काढलात, मग बोटीचाही काढा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारच्या पुरवणीत स्कॉटलंडच्या गॅलिक भाषेतल्या चॅनलबद्दलचा लेख वाचला आणि राहवलं नाही म्हणून लिहितोय. पत्र लांबलंय, काटछाट करायची तर करा, पण हिशोबाचा भाग तेवढा ठेवा. लेखकाचं म्हणणं थोडक्यात असं की जेमतेम सत्तर हजार बोलणारे, त्यांच्यासाठी सरकार वर्षाला सव्वा कोट पाउंडाच्या वर घालवतं, म्हणजे माणशी दोनशेच्या जवळपास, त्यापेक्षा प्रत्येकाच्या हातावर पैसे ठेवा आणि चॅनल बंद करा. वाचताना मजा येते, टाळ्याही पडतात अशा वाक्यांना. पण हिशोब अर्धाच केलाय.

मी गेली चौदा वर्षं स्कॉटलंडमध्ये इन्व्हरनेसला राहतो. मला गॅलिक येत नाही, चार-पाच वाक्यं येतात आणि तीही ऐकून समोरचा हसतोच. आधी उच्चाराचं सांगून टाकतो कारण लेखात सगळीकडे 'गेलिक' छापलंय. इथे गॅलिक म्हणतात, गेलिक म्हटलं की लोक आयर्लंडबद्दल बोलताय असं समजतात. आणि चॅनलचं नाव बीबीसी अल्बा, त्यातलं अल्बा म्हणजे स्कॉटलंडच, त्यांच्या तोंडून ते 'आलापा' असं ऐकू येतं, मला पहिल्यांदा वाटलं गाण्याचा कार्यक्रम आहे, आलाप वगैरे.

तर हिशोब. टीव्हीचं गणित माणशी लागतच नाही. अर्ध्या तासाचं बातमीपत्र काढायचं तर अँकर लागतो, कॅमेरामन लागतो, एडिटर लागतो, बेटांवर वार्ताहर लागतात, आणि यातला एकही जण तुमची भाषा बोलणारे कमी आहेत म्हणून पगार कमी घेत नाही. सत्तर हजारांसाठी काढा नाहीतर सात कोटींसाठी, बुलेटिनचा खर्च जवळपास तोच. त्यामुळे छोट्या भाषेचं चॅनल माणशी नेहमीच महाग दिसणार, त्याला इलाज नाही. वेल्सचं बघा ना. तिथे २०२१ च्या जनगणनेत वेल्श बोलणारे ५ लाख ३८ हजार निघाले आणि त्यांच्या एस-फोर-सी चॅनलला लायसन्स फीमधून, म्हणजे टीव्हीसाठी घरोघरी भरावी लागते त्या फीमधून, २०२२-२३ मध्ये ९ कोटी पाउंडाच्या जरासे कमी मिळाले. माणशी काढलंत तर तेही १६०-१६५ च्या घरात जातं, म्हणजे गॅलिकच्या फार लांब नाही. पण एकूण रक्कम सहा-सात पट आहे आणि पडद्यावर दिसते ती एकूण रक्कम. तिकडे वर्षभर चालणारी मालिका निघते, लहान मुलांचे तासन् तास कार्यक्रम निघतात. इकडे अल्बावर संध्याकाळपासून मध्यरात्रीपर्यंत जे काही चालतं त्यातलं नवंकोरं किती असतं? दिवसाला दोन तासही नाही, बाकी सगळं रिपीट. लोक मग म्हणतात काय तेच तेच दाखवतात. अहो, पैसेच तेवढे आहेत!

आणि माणशीच काढायचं असेल तर उल्लापूलहून लुईस बेटावरच्या स्टॉर्नोवेला जाणाऱ्या बोटीचं काढा. पावणेतीन तासांचा प्रवास, हिवाळ्यात बऱ्याचदा हवामानामुळे रद्द, आणि ती सेवा सरकारी पैशावरच चालते, तिकिटावर भागत नाही. लुईस-हॅरिस बेटावर माणसं किती तर वीस हजारांच्या आसपास. तिथल्या दवाखान्याचं काढा, शाळांचं काढा. माणशी हिशोब करून ते बंद करा असं कुणी लिहीत नाही, आणि लिहू पण नये. मग भाषेचा विषय आला की लगेच कॅल्क्युलेटर कसा काय बाहेर येतो हो?

पण मला खरं बोलायचंय ते वेगळंच आहे. पैसा किती हा मुद्दा आहेच, पण तो कुणाच्या मर्जीवर आहे हा त्याहून मोठा मुद्दा आहे, आणि लेखात त्याबद्दल एक ओळ नाही.

थोडं मागे जावं लागेल. १९९० च्या ब्रॉडकास्टिंग ॲक्टने गॅलिक टीव्हीसाठी पहिल्यांदा वेगळा फंड झाला, वर्षाला ९५ लाख पाउंड, आणि तो वाटायला स्टॉर्नोवेत एक कमिटी बसवली. मुद्दाम बेटावर, राजधानी एडिनबरात नाही, ही गोष्ट मला आवडते. अंदाज असा होता की त्यातून वर्षाला दोनशे तास जास्तीचे कार्यक्रम होतील. झालेही. १९९३ मध्ये 'माखर' नावाची मालिका आली, लुईसवर शूट केलेली, आणि ती बघणारे गॅलिक बोलणाऱ्यांपेक्षा कितीतरी जास्त होते, खाली इंग्लिश सबटायटल होती ना. त्याच वर्षी 'योर्पा' सुरू झाला, युरोपभर फिरून बातम्या करणारा कार्यक्रम. गॅलिकमधून युरोप, आहे की नाही गंमत? लोकांना वाटतं छोट्या भाषेत फक्त मेंढ्या आणि लोकगीतं दाखवतात. पण मग काय झालं तर फंडाची रक्कम महागाईबरोबर वाढली नाही, उलट नंतर ८५ लाखांवर आली. आणि कार्यक्रम दुसऱ्यांच्या चॅनलवर लावायचे म्हणजे त्यांच्या सोयीने, त्यामुळे बरेचसे लोक झोपल्यावर.

२००० मध्ये बीबीसीचे माजी डायरेक्टर जनरल ॲलिस्डर मिल्न यांच्या टास्क फोर्सने सरकारला रिपोर्ट दिला की वेगळं चॅनल पाहिजे आणि त्याला वर्षाला ४ कोटी ४० लाख पाउंड लागतील. चॅनल आलं आठ वर्षांनी आणि त्या आकड्याच्या जवळपासही पैसे नव्हते. आज स्कॉटिश सरकारचं अनुदान, वर बीबीसीचा वाटा, सगळं एकत्र धरलं तरी २००० सालचा तो आकडा गाठला जात नाही, महागाई तर सोडूनच द्या. म्हणजे घर बांधायला आर्किटेक्टने सांगितलेल्या पैशात तुम्ही अर्धं घर बांधलंत आणि आता पाहुणे म्हणतायत स्वयंपाकघर लहान आहे.

२००३ च्या कायद्याने त्या कमिटीचं रूप बदललं, आता तिला एमजी अल्बा म्हणतात. कारभार कसा चालतो ते ऐका. ब्रॉडकास्टिंग हा विषय लंडनच्या पार्लमेंटकडे. एमजी अल्बाचे मेंबर नेमतं ऑफकॉम, म्हणजे टीव्ही-रेडिओवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था, तेही लंडनवालं. पैसे देतं एडिनबराचं सरकार. चॅनल चालवायला पार्टनर बीबीसी, तिची सनद, म्हणजे तिने काय करायचं ते ठरवणारा कागद, परत लंडनची. एका सत्तर हजारांच्या भाषेसाठी चार दारं, आणि प्रत्येक दारावर सांगतात की पलीकडच्या दाराशी विचारा. २०१५ च्या शेवटी लंडनच्या सरकारने खर्चकपातीत आपला १० लाख पाउंडाचा वाटा सरळ काढून घेतला. त्यांच्या बजेटमध्ये १० लाख म्हणजे किती, तर काहीच नाही, टेबलाखाली पडलेली चिल्लर. पण इथे ते दोन-तीन कार्यक्रम होते. मग एडिनबराच्या सरकारने ती तूट भरली, पण भरलीच पाहिजे असं कुठल्या कायद्यात लिहिलेलं नव्हतं. भरली हे नशीब.

गेल्या वर्षी, २०२५ च्या जूनमध्ये, स्कॉटिश पार्लमेंटने भाषांचा कायदा केला, गॅलिक आणि स्कॉट्स (ही इथली आणखी एक भाषा) दोन्हींना अधिकृत दर्जा. बातम्यांमध्ये सगळे खूश, मी पण खूश. माझ्या ऑफिसातला एक जण, बेटावरचाच, तो मात्र एवढंच म्हणाला की छान आहे पण याच्याने टीव्हीचं काय होणार, ते तर यांच्या हातातच नाही. बरोबर आहे त्याचं. भाषा अधिकृत आणि त्या भाषेतलं चॅनल दर वर्षी बजेटकडे डोळे लावून बसलेलं.

वेल्समध्ये हे वेगळं कसं झालं ते सांगतो, कारण तिथेही कुणी ताटात वाढून दिलेलं नाही. १९७९ च्या निवडणुकीत सगळे म्हणत होते वेल्श चॅनल देऊ, थॅचरबाईंचा पक्ष पण म्हणत होता. निवडून आल्यावर काही महिन्यांत म्हणाले नको, वेगळं चॅनल कशाला. लोकांनी लायसन्स फी भरायची बंद केली, शेकडो लोकांना कोर्टात खेचलं, काही ट्रान्समीटरवर चढले. आणि ग्विन्फोर एव्हान्स, प्लाइड कमरी या वेल्सच्या राष्ट्रवादी पक्षाचे जुने नेते, वय सदुसष्ट, त्यांनी जाहीर केलं की ६ ऑक्टोबर १९८० पासून उपोषणाला बसतो आणि चॅनल मिळेपर्यंत उठणार नाही. थॅचर सरकार, ज्याची ख्याती शब्द न फिरवण्याची, त्याने १७ सप्टेंबरला शब्द फिरवला. १ नोव्हेंबर १९८२ ला एस-फोर-सी सुरू झालं, इंग्लंडच्या चॅनल फोरच्या एक दिवस आधी. पहिल्या रात्री सुपरटेड नावाचं कार्टून होतं, ते पुढे अमेरिकेपर्यंत विकलं गेलं. फायरमन सॅम आपल्याकडच्या पोरांनी पण बघितलाय, तो मूळचा वेल्श टीव्हीवरचा 'साम तान' आहे हे किती जणांना माहितीये?

तर त्या भांडणातून वेल्सला नुसतं चॅनल नाही मिळालं, कायद्यात पैशाची तजवीज मिळाली, आणि बीबीसीने आठवड्याला दहा तासांचे कार्यक्रम फुकट द्यायचे हेही बंधन. पैशाचा फॉर्म्युला काही काळ महागाईशी बांधलेला होता. आता कुणी म्हणेल मग तिथे सगळं आलबेल का, तर नाही. २०१० मध्ये लंडनमध्ये सरकार आणि बीबीसी यांची लायसन्स फीवर बोलणी चालू होती, काही दिवसांत घाईघाईने ठरवून टाकलं की एस-फोर-सीचे पैसे आता बीबीसीकडून जातील, वर चौथा हिस्सा कपात. ज्यांचं चॅनल त्यांना धड विचारलं पण नाही. कायदा बदलून टाकला झालं. पण निदान बदलायला कायदा तरी होता, म्हणून पार्लमेंटमध्ये चर्चा झाली, कार्डिफमध्ये लोक रस्त्यावर आले, आणि मंत्र्यावर पुरेसा पैसा मिळेल हे बघायची जबाबदारी कागदावर राहिली. गॅलिकच्या बाबतीत १० लाख गेले तेव्हा बदलायला काही नव्हतंच, नुसतं बजेटमधली एक ओळ खोडली.

आयर्लंडचं एका वाक्यात, कारण तो स्वतंत्र देश आहे आणि तुलना तेवढी सरळ नाही. तिथे शाळा-कॉलेज सोडून रोजच्या व्यवहारात आयरिश बोलणारे २०२२ मध्ये ७१,९६८ होते, म्हणजे आमच्या गॅलिकएवढेच, पण १९९६ पासून चालू असलेल्या त्यांच्या टीजी-फोरला गॅलिकपेक्षा कितीतरी जास्त पैसे मिळतात आणि त्यातून त्यांनी सिनेमात पैसे घातले, त्यातला एक आयरिश भाषेतला सिनेमा २०२३ च्या ऑस्करच्या अंतिम यादीपर्यंत पोचला.

आता पैसे मिळाले की काय होतं ते अल्बावर पण दिसलं. २०२५ च्या जानेवारीत 'अन त्येलान' नावाची चार भागांची क्राइम मालिका आली, हॅरिस-लुईसवर शूट झालेली, तासाला दहा लाख पाउंडांच्या आसपास खर्च. गॅलिकमध्ये एवढ्या बजेटची पहिलीच. पैसे बाहेरून पण जमवले होते, एकट्या चॅनलला झेपलंच नसतं, कारण चार तासांची मालिका म्हणजे जवळपास वर्षाच्या सरकारी अनुदानाचा तिसरा हिस्सा. आमच्या ऑफिसात ज्यांना गॅलिकचं ग पण येत नाही ते पुढचा भाग कधी म्हणून विचारत होते.

लेखकाच्या बाजूने एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे, त्यांनी ती मांडली नाही पण मांडायला हवी होती, त्यांचा तो सगळ्यात चांगला मुद्दा झाला असता. टीव्हीने भाषा वाचते का? २०२० मध्ये इथल्या हायलँड्स अँड आयलंड्स युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी बेटांवरच्या गावांचा अभ्यास छापला, त्यात स्पष्ट म्हटलं की गावात-घरात रोज गॅलिक बोलणारे आता अकरा हजारांच्या आसपास राहिलेत आणि असंच चाललं तर दहा वर्षांत गावची भाषा म्हणून ती संपेल. चॅनल तेव्हा बारा वर्षं चालू होतं! २०२२ च्या जनगणनेत देशभरात बोलणारे ५७ हजारांवरून ६९,७०१ वर गेले, पण वाढ ग्लासगो-एडिनबराकडची, शाळेत शिकणारी मुलं, ॲपवरून शिकणारे मोठे. पश्चिमेच्या बेटांवर मात्र बोलणारे निम्म्याच्या खाली गेले, पहिल्यांदाच.

याचं उत्तर मला एका घरात मिळालं, म्हणजे उत्तर असं नाही, पण कळलं. कामासाठी मला वर्षातून दोन-तीनदा लुईसला जावं लागतं, नोव्हेंबरात एकदा बोट रद्द झाली म्हणून ज्या आजींकडे खोली घेतो तिथे तीन दिवस अडकलो. आजी ऐंशीच्या पुढच्या, त्यांच्या लहानपणी शाळेत गॅलिक बोललं की मार बसायचा. चार वर्षांचा पणतू तिथेच असायचा. आजी त्याच्याशी गॅलिकमध्ये बोलायच्या आणि तो प्रत्येक वेळी इंग्लिशमध्ये उत्तर द्यायचा, अगदी प्रत्येक वेळी, न चुकता. कळायचं त्याला सगळं, पण तोंडातून इंग्लिशच. संध्याकाळी टीव्हीवर ती गुलाबी डुकरीण, पेप्पा, गॅलिकमध्ये लागली आणि हा पोरगा सोफ्यावर उभा राहून तिच्याबरोबर तिची वाक्यं म्हणायला लागला. गॅलिकमध्ये! चिखलाच्या डबक्यात उडी मारायचं वाक्य तर तिच्या आधीच म्हणायचा. आजी विणकाम खाली ठेवून त्याच्याकडे बघत होत्या. मला म्हणाल्या, माझ्याशी नाही बोलत, डुकराशी बोलतो. हसत म्हणाल्या, पण हसू काही खरं नव्हतं. दुसऱ्या दिवशी तोच भाग परत लागला, तिसऱ्या दिवशी पण रिपीटच, त्याला काही फरक पडला नाही.

आता यावरून चॅनलने भाषा वाचवली म्हणायचं की नाही हे ज्याने त्याने ठरवावं. मला एवढंच दिसलं की त्या घरात आजी सोडून गॅलिक बोलणारं दुसरं कुणी त्या पोराच्या वयाच्या आवडीचं होतं तर ते टीव्हीत होतं. गावांमध्ये नोकऱ्या पाहिजेत, परवडणारी घरं पाहिजेत, नाहीतर तरुण राहणारच नाहीत, हे त्या अभ्यासवाल्यांचं म्हणणं शंभर टक्के बरोबर. पण चॅनलमुळे स्टॉर्नोवेत स्टुडिओ आहे आणि तिथे पगार घेऊन गॅलिकमध्ये काम करणारी पंचविशी-तिशीची मुलं आहेत, हा पण नोकऱ्यांचाच भाग झाला की.

चॅनलवर माझाही राग आहे, नाही असं नाही. सबटायटल. बहुतेक कार्यक्रमांवर इंग्लिश सबटायटल चिकटवूनच येतात, बंद करायची सोयच नाही. शिकणाऱ्याचे डोळे आपोआप खाली जातात आणि कान बंद होतात, माझंच उदाहरण, चौदा वर्षांत चार वाक्यं. शिकणारे लोक कित्येक वर्षं मागतायत की गॅलिक सबटायटलचा पर्याय द्या, काही कार्यक्रमांना दिलाय, बाकीच्यांचं कधी कोण जाणे. आणि कितीतरी मुलाखती चक्क इंग्लिशमध्येच, विशेषतः खेळांच्या कार्यक्रमात, कॉमेंट्री गॅलिक आणि खेळाडू बोलणार इंग्लिश. पण शनिवारी पबमध्ये अल्बावर मॅच लावलेली असते आणि कुणाला गॅलिक येत नसलं तरी गोल झाला की कॉमेंटेटरबरोबर ओरडतात, तेवढे दोन-चार शब्द कानावरून जातात. काहीच नसण्यापेक्षा बरं असं मी स्वतःला समजावतो.

पुढचं सगळं २०२७ वर आहे. बीबीसीची सध्याची सनद ३१ डिसेंबर २०२७ ला संपते, नव्या सनदेत काय लिहायचं याचं काम चालू झालंय. गॅलिकवाल्यांचं मागणं मोठं नाही, बीबीसीने आणि सरकारने गॅलिकसाठी किती द्यायचं आणि किती तास द्यायचं हे शब्दात लिहा, सदिच्छेवर ठेवू नका. वेल्शला जसं लिहून दिलंय तसं. तुमच्या लेखकांनी परत या विषयावर लिहिलं तर माणशी दोनशे पाउंडांपेक्षा त्या सनदेच्या मसुद्यात गॅलिकला किती ओळी मिळाल्या ते बघून लिहावं.

जाता जाता एक दुरुस्ती, ही तरी नक्की छापा. लेखात चॅनल २०११ ला सुरू झालं असं आहे. ते सुरू झालं १९ सप्टेंबर २००८ ला. पण तेव्हा फक्त सॅटेलाइटवर दिसायचं, साध्या अँटेनाच्या टीव्हीवर, ज्याला इथे फ्रीव्ह्यू म्हणतात, तिथे यायला जून २०११ उजाडलं, कारण जागा नव्हती म्हणे, आणि शेवटी जागा केली ती पण अल्बा चालू असताना बीबीसीचे रेडिओ स्टेशन टीव्हीवरून बंद ठेवून, त्यावर रेडिओ ऐकणाऱ्यांनी केलेली बोंबाबोंब मला आठवते. त्या आजींकडे डिश नव्हती, नवऱ्याने छपराला भोक पाडू दिलं नाही. त्यामुळे त्यांच्या हिशोबाने २०११ हेच बरोबर आहे.

आपला,
एक नियमित वाचक, इन्व्हरनेस